नागपूरला जाणारी टाच

छप्पन साली राज्यांची नव्याने मांडणी झाली, तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि नागपूरच्या कचेरीत फायलींवर शेरे लिहिणारे माझे वडील नव्या मध्य प्रदेशात गेले, म्हणजे भोपाळला. गाव एकीकडे आणि कारकून दुसरीकडे, अशी ती वाटणी होती. ती कोणत्या नियमाने झाली हे बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही, आणि बाबा नियमांच्याच शाखेत होते.

मी तेव्हा सतरा वर्षांची होते, नुकती कॉलेजात गेलेली. ईदगाह टेकडीच्या उतारावर आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. नव्या राज्याच्या स्वागतासाठी उताराच्या तोंडाशी बांबूची कमान उभारली होती. खालून चढणाऱ्याला रंगीत कापड आणि सोनेरी अक्षरं दिसत. वर राहणाऱ्या आम्हाला मात्र कमानीची पाठ दिसे: बांबू, सुतळी आणि एक विसरलेली शिडी. पुढे आयुष्यात बहुतेक समारंभ मी त्याच बाजूने पाहिले आणि त्याचं मला फारसं वाईट वाटलेलं नाही.

पहिल्या वर्षी आम्हा नागपूरकरांना जे काही व्हायचं ते भोपाळमुळे व्हायचं. केस गळले की भोपाळचं पाणी. डाळ शिजेना, पाणी. दही नीट लागेना, हवा. एका गृहस्थांचा मुलगा इंग्रजीत नापास झाला, तेव्हा त्यांनी तलावावरून येणाऱ्या दमट वाऱ्याला दोष दिला, आणि ऐकणाऱ्या चौघांनी गंभीरपणे माना डोलावल्या. त्यामुळे बाबांची टाच दुखायला लागली, तेव्हा तीही भोपाळच्या खात्यावर पडली. गंमत म्हणजे, एवढ्या सगळ्या तक्रारींत तेवढी एकच खरी होती.

नागपूर सपाट. तिथे बाबा वर्षानुवर्षं सायकलने कचेरीत गेले, पायाला काम असं पडलंच नाही. भोपाळच्या चढावर सायकल चालवायची कमी आणि ढकलायची जास्त, म्हणून त्यांनी ती व्हरांड्यात टेकवून ठेवली आणि चालायला सुरुवात केली. रोज उतरायचं, रोज चढायचं, तेही पातळ तळव्याच्या चपला घालून. संक्रांतीच्या सुमाराला एका सकाळी ते खाटेवरून उतरले आणि पहिल्याच पावलाला "अगंऽ" करून खाली बसले.

दुखणं मोठं चमत्कारिक होतं. उजव्या टाचेच्या मागे, जिथे पोटरी निमुळती होत हाडाला जाऊन चिकटते तिथली दोरीसारखी शीर सुजून जाड झाली होती. सकाळी पाऊल टाकवत नसे. घरातल्या घरात थोडं फिरलं की सैल पडे, बाबांना वाटे गेलं, आणि संध्याकाळी चढ चढून आले की पुन्हा ठणका. त्या शिरेला डॉक्टरी भाषेत एका ग्रीक योद्ध्याचं नाव आहे हे मी पुढे वाचलं. बाबांना तेव्हा सांगितलं असतं तर त्यांनी त्या योद्ध्याची श्रेणी आणि पगार विचारला असता.

घरमालक शेजारीच राहायचे. भोपाळचे जुने, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ. त्यांनी बाबांना लंगडताना पाहिलं.

"को खां, पैर को क्या हो रिया है?"

"चढाई से दर्द होता है."

"नागपुर में चढाई नहीं थी?"

"बिलकुल नहीं."

"तो फिर वहां टांगें किस काम आती थीं?"

बाबा रागावले, पण मला वाटतं तेवढं अचूक निदान पुढचे दोन महिने कोणी केलं नाही. आईने गरम विटेचा शेक दिला. कोणीतरी तेल लावून ती शीर अंगठ्याने जोरात रगडून दिली; दुसऱ्या दिवशी ती दुप्पट सुजली. कचेरीजवळच्या एका डॉक्टरांनी बाबांना तोंड उघडायला लावलं. दातांच्या मुळाशी पू असला की तो खाली सांध्यांत उतरतो, असं त्या काळी बरेच डॉक्टर मानत. बाबांनी दोन दाढा काढून घेतल्या. टाच होती तशीच राहिली, फक्त आता ज्वारीची भाकरीही चाववेना. मग संपूर्ण विश्रांती. महिनाभर रजा घेऊन बाबा खाटेवर पडून राहिले. पडल्यापडल्या टाच अगदी शहाण्यासारखी वागली. कामावर रुजू होऊन चढ सुरू झाला, आणि आठवड्याच्या आत ती पूर्वीपेक्षा वाईट दुखू लागली.

इथे अर्जाचं सांगायला हवं. वाटणीत अन्याय झाला असं ज्यांना वाटे त्यांना अर्ज करता येई, आणि सगळ्यांत जोरदार कारण म्हणजे प्रकृती. त्यामुळे नागपूरकरांत एकाएकी आजारांची लाट आली. दमा, मूळव्याध, हृदयाची धडधड, बायकोच्या डोक्यात चक्कर. हे सगळे अर्ज लिहून देणारे एक काका आमच्या खालच्या बाजूला राहत. बाबांच्याच शाखेतले, मूळचे अमरावतीकडचे. त्यांची भाषा अर्जात एक आणि तोंडी दुसरी असे. अर्जात ते "सदरहू डोंगराळ प्रदेशाचे वास्तव्य अर्जदाराच्या अधोगामी अवयवांस अपायकारक" असं लिहीत, आणि ते वाचून दाखवल्यावर म्हणत, "हं, काय वाटून राह्यलं?"

बाबांची टाच पाहून काकांचे डोळे भरून आले, आनंदाने. "अहो, तुमच्याजवळ तर खरा आजार आहे! लोक इथे खोट्यासाठी वणवण हिंडून राह्यले."

बाबा खोट्याच्या बाबतीत कच्चे होते, त्यामुळे इतके दिवस त्यांनी अर्ज केला नव्हता. आता खरं कारण हाताशी आलं. अर्ज गेला. वैद्यकीय मंडळापुढे तपासणी होईल, तारीख कळवली जाईल, असं उत्तर आलं.

अर्ज बाबांच्या नावाने असला तरी नागपूर हवं होतं ते आईला. बाबांना फाइल मिळाली की कुठलंही गाव चालायचं. आईची थोरली बहीण, माझी मावशी, नागपुरात आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहायची. लग्न झाल्यापासून त्या दोघींची एक दुपारही एकमेकींवाचून गेली नव्हती. भांडण झालं तरी मावशी यायची आणि न बोलता आईच्या सुपातले तांदूळ निवडून जायची. उन्हाळ्यात दोघी मिळून सांडगे घालायच्या, आणि कोणाचे सांडगे कोणत्या डब्यात गेले यावर वर्षभर वाद चालायचा. भोपाळला आल्यावर आई दुपारी करायचं काय या प्रश्नाने अक्षरशः गोंधळून जाई. कधी दाराशी उभी राही, कधी झाडलेली खोली पुन्हा झाडी. तक्रार तिने कधी केली नाही. इतर बायका भोपाळच्या पाण्यावर बोलायला लागल्या की ती म्हणे, "पाणी बरंच आहे की." पण अर्ज गेला त्या दिवशी तिने साखरभात केला, आणि तेव्हापासून ती कोळसा पोत्याऐवजी दर आठवड्याला टोपलीभरच आणू लागली.

दाढा गेल्या, रजा संपली, आणि चैत्रात कोणीतरी भोपाळजवळच्या बैरागढच्या एका सिंधी डॉक्टरांचं नाव सुचवलं. आई, बाबा आणि मी टांग्याने गेलो. डॉक्टर फाळणीत सगळं सोडून आलेले. पत्र्याच्या छपराखाली दवाखाना, भिंतीवर एकही प्रमाणपत्र नाही. पूर्वी त्यांनी फौजेत काम केलं होतं. त्यांनी बाबांना पालथं झोपवलं, पावलं टेबलाबाहेर लोंबती ठेवली, आणि दोन बोटांच्या चिमटीत ती शीर खालपासून वरपर्यंत दाबत नेली. टाचेच्या हाडापासून दोन-तीन बोटं वर बाबा ओरडले. मग डॉक्टरांनी पोटरी दाबली. पाऊल आपोआप हललं. "टूटी नहीं है," ते म्हणाले. "अच्छी बात है."

"गठिया?" बाबांनी विचारलं. "वायू?"

"काहे का वायू! ये रस्सी है. बीस बरस आपने इससे कोई काम नहीं लिया. फिर एक दिन कहा, चढ़ो पहाड़. रस्सी बिगड़ गई."

मग त्यांनी समजावून सांगितलं, ते मला आजही जवळजवळ शब्दशः आठवतं. या शिरेला रक्त बेताचंच मिळतं, म्हणून ती सावकाश बरी होते. रगडलं की आणखी चिडते. नुसतं पडून राहिलं तर दुखत नाही, पण रोज अधिक दुबळी होते, आणि कामाला लावली की पुन्हा बिघडते. तेव्हा आधी तिच्यावरचा ताण कमी करायचा: चपला बंद, बूट घालायचे, दोन्ही बुटांत टाचेखाली चामड्याची जाड पट्टी, काही आठवडे चढ टांग्याने. आणि मग तिला थोडं थोडं काम देऊन बळकट करायचं. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, भिंतीला हात टेकून दोन्ही पायांनी टाचा वर उचलायच्या, आणि दुखऱ्या पायावर भार देत सावकाश, फार सावकाश, खाली यायचं. सुरुवातीला पायरीच्या पातळीपर्यंत, पुढे जमेल तसं आणखी खाली.

"दर्द हो तो रुकना है?" मी विचारलं.

"थोड़ा दुखेगा. थोड़ा दुखने दो. अगली सुबह देखो. सुबह ज़्यादा अकड़ा, तो कल ज़्यादा किया था, आज कम करो. सुबह वैसा ही, तो ठीक चल रहा है." मग बाबांकडे पाहून, "तीन महीने. उससे पहले मुझे गाली मत देना."

बाबा संकोचून म्हणाले, नागपूरला परत जाण्याचा अर्ज केलाय, दाखला हवा होता. डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. त्यांच्या गावाला परत जाण्यासाठी अर्ज करायची सोयच नव्हती. "आज दर्द है, तो दर्द लिख देता हूं," ते म्हणाले. "ठीक हो गए, तो ठीक भी लिखूंगा."

आईने जाताना एवढंच विचारलं, "पूरा अच्छा होगा ना?"

"आप खड़ी रहकर करवाएंगी, तो होगा."

ते आईने हुकमासारखं धरलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी बाबा दाराच्या दगडी पायरीवर आणि आई समोर, कमरेवर हात ठेवून. "हळू. ... हळू म्हणतेय ना. ते काय धपकन आपटलं!" बाबा म्हणत, "गुरुत्वाकर्षण आहे, मी काय करू?" "ते नागपुरातही होतं," आई म्हणे. दोन-तीन वेळा उत्साहाच्या भरात बाबांनी जास्त केलं, आणि पुढल्या सकाळी भिंत धरून न्हाणीघरात गेले. मग त्यांना तो सकाळचा नियम पटला. नियम पटला की बाबांसारखा माणूस दुसरा नाही. वैशाखात सूज उतरली. आषाढापर्यंत ते दुखऱ्या एका पायावर खाली येऊ लागले. मग पिशवीत दोन विटा घालून ती खांद्याला अडकवू लागले, कारण डॉक्टरांनी सांगितलं होतं, सोपं वाटायला लागलं की वजन वाढवा.

पुढे पन्नाशीत माझीही टाच दुखली, तेव्हा अरेरा कॉलनीतल्या एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीने मला रबरी पायरीवर उभं करून हाच व्यायाम शिकवला. ही अलीकडची पद्धत आहे, असं ती अभिमानाने म्हणाली. मी काही बोलले नाही. तिने शिकवलं ते बरोबर होतं, आणि मी घाई करत होते तिथे ती अगदी आईसारखी रागावली.

श्रावणात तपासणीची तारीख आली: दसऱ्यानंतर. आणि ती बातमी घेऊन काका सकाळी वर चढून आले, तर बाबा विटांची पिशवी अडकवून एका पायावर खालीवर करतायत.

काका पायरीसमोर उभेच राहिले. "अरे बाप्पा! हे काय चालू आहे?"

"व्यायाम. बराच फरक आहे आता."

"काहून? काहून फरक पाडून राह्यले तुम्ही? बोर्ड होऊ द्या ना आधी! वहिनी, थांबवा ह्यांना. दोन महिने नुसतं बसून राहू द्या. पाय दुखत होता तोवर नागपूर हातात होतं."

"भाऊजी," आई म्हणाली, "तुमच्या अर्जाला पाय लागत असेल. ह्यांना तो चालायला लागतो."

काका हसले, चहा प्यायले, पण जाताना बाबांच्या कानाशी बराच वेळ काही बोलले. दुसऱ्या सकाळी बाबा पायरीवर गेले नाहीत. वर्तमानपत्र घेऊन खुर्चीत बसून राहिले. आई बाहेर आली.

"चला."

"आज राहू दे."

"सकाळी जास्त अकडला का?"

"नाही." बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं नाही. "अगं, दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. मग तिकडे गेल्यावर करीनच की. मला काय, मी कुठेही राहीन. हा अर्ज कोणासाठी केलाय?"

 मी आत भाजी चिरत होते, माझे हात थांबले. बाबांनी ते पहिल्यांदाच उघड म्हटलं होतं.

"माहीत आहे कोणासाठी ते," आई म्हणाली. "पण माझ्यासाठी लंगडू नका. मी तिकडे जाऊन बसेन, आणि तुम्ही घरातून न्हाणीघरात भिंत धरून जाल, ते बघत दुपारी मी ताईशी गप्पा मारू? मला नाही जमायचं. उठा."

बाबा उठले. त्या दिवशी पिशवीत विटा ठेवायला आई विसरली, आणि त्यांनीही आठवण करून दिली नाही. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा पिशवीत होत्या.

तपासणीच्या दिवशी काकांनी नाटकातल्या प्रवेशासारखी सगळी आखणी केली होती. टांगा दारापर्यंत न्यायचा. मुलीच्या खांद्यावर हात. बूट नकोत, चपला बऱ्या, जरा केविलवाणं दिसतं. बाबांनी बूटच घातले, पण टांग्यातून उतरल्यावर माझ्या खांद्यावर हात मात्र ठेवला. हात होता, भार नव्हता. व्हरांड्यात आमच्यासारखे बरेच नागपूरकर बसले होते. दम्याचे गृहस्थ कोपऱ्यात खोकण्याचा सराव करत होते. एकजण काठी टेकत टेकत आले, आणि मग पानाच्या टपरीकडे जाताना काठी बाकाला टेकवून ताडताड चालत गेले.

आत हिरवं कापड घातलेलं लांब टेबल होतं, त्यावर तीन काचेचे पेपरवेट, ज्यांच्याखाली एकही कागद नव्हता. तीन डॉक्टर. दाराशी पट्टेवाला, ज्याच्या फेट्याचा तुरा त्या तिघांपेक्षा अधिक अधिकाराने ताठ होता. आधार म्हणून मला आत येऊ दिलं. मधल्या डॉक्टरांनी बैरागढचा जुना दाखला वाचला, बाबांची शीर दाबली.

"दर्द?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "पहले बहुत था," ते म्हणाले.

"अभी?"

"अभी... दबाने पर थोड़ा."

"पंजों पर उठिए ज़रा. एक पैर पर."

आता इथे माणूस कळवळू शकला असता. मला वाटतं आदल्या रात्रीपर्यंत बाबांनी तसं ठरवलंही असावं. पण आयुष्यभर त्यांना कोणी सरकारी टेबलामागून काही करायला सांगितलं की ते त्यांनी नीट केलं होतं; वाईट करण्याची सवयच नव्हती. त्यांनी बूट-मोजे काढले, बूट भिंतीशी सरळ रेषेत ठेवले, डावा पाय उचलला आणि उजव्या पायाच्या चवड्यावर वर गेले. वर थांबले. मग खाली आले, सावकाश, फार सावकाश, जसं आई करून घ्यायची तसं. पुन्हा वर. उजवीकडचे डॉक्टर शेजाऱ्याशी बोलत होते, ते बोलायचे थांबले. बाबा थांबेनात. कोणी "बस" म्हटलं नव्हतं.

"बस, बस! कमाल है. किससे इलाज कराया?"

आणि बाबांनी सगळं सांगितलं. चामड्याची पट्टी, पायरी, विटा, सकाळचा नियम. डाव्या बाजूचे डॉक्टर पुढे झुकून ऐकत होते. पट्टी किती जाड, त्यांनी विचारलं. टाचेखाली दोन्ही बुटांत का? त्यांचीही टाच दुखत होती, टेनिस खेळून. बाबांनी त्यांना बोटांच्या पेरांनी जाडी दाखवली. एवढ्या वर्षांत त्या उत्साहाने मी बाबांना कोणाशी बोलताना पाहिलं नव्हतं.

मग मधल्या डॉक्टरांनी हसत हसत कागदावर एक ओळ लिहिली, आणि बाबांचं बोलणं मध्येच तुटलं. ती ओळ काय असणार हे त्यांना तेव्हा कळलं.

बाहेर आल्यावर टांगा थांबला होता. बाबा त्याला "तू जा" म्हणाले. आम्ही चालत निघालो. बाजार ओलांडला, चढ लागला. ते न थांबता चढले. मीच मागे पडले. अर्ध्या वाटेवर एकदा वळून म्हणाले, "आईला मी सांगेन. तू काही बोलू नकोस."

आई दाराशीच होती.

"काय म्हणाले?"

"पाय बरा आहे म्हणाले."

आईने त्यांच्या पायांकडे पाहिलं, मग मागे रस्त्याकडे. "टांगा कुठे आहे?"

"सोडला. चालत आलो."

"सगळा चढ?"

"सगळा."

"कुठे थांबलात?"

"नाही थांबलो."

 आईचे डोळे भरले की काय ते मला दिसलं नाही, कारण तिने मान फिरवून मला पाणी आणायला सांगितलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन आले, तेव्हा ती बाबांना सांगत होती, "थंडीचा कोळसा मग आत्ताच सगळा भरून घेऊ. पोत्याने सांगा कोळसेवाल्याला. आता दर आठवड्याला टोपलीभर आणत बसण्यात काय अर्थ आहे?"